वाघ आपला, भाषा परकी

'जंगल बुक' पुन्हा पाहून आमचे पेण-रोह्याचे नातेवाईक गहिवरतात. जपानची १९८९ची ही चित्रमालिका १९९३मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. मूळ पुस्तक १८९४चं. लेखक किपलिंग जन्माने मुंबईकर. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे आपल्या मुरूडचा! तरी वाघ बोलला हिंदी. तेव्हा घरात कुणी कुरकुरलं नाही. आता नातवंडं कार्टूनचं हिंदी बोलली की त्यांनाच दटावता? पोरांचा काय दोष? जन्मभर वर्गात हेच पाहिलं, कानावर पडतं तेच तोंडी येतं. गहिवर पुरे. रोज रात्री एक गोष्ट मराठीतून मोठ्याने वाचून दाखवा. तेवढं होत नसेल तर मायमराठीच्या नावाने गळे काढू नका.