फौजीला ‘किती मारले’ विचारू नका. ‘झोप लागते का’ ते विचारा

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावणं आलं. जळगाव जिल्ह्यातला एक जवान तर अंगावरची हळद उतरायच्या आत निघाला. निरोपाचे ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले, स्टेटसला ठेवले. अभिमान वाटलाच पाहिजे. पण जवान परत येतो, तेव्हा काय होतं?

पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय फौजी, किती उडवले?" तो हसून वेळ मारून नेतो. पण काहीजण रात्री दचकून उठतात, फटाका वाजला की अंग चोरतात, लेकरांवर उगाच खेकसतात, नाहीतर बाटली जवळ करतात. घरच्यांना वाटतं, फौजेत जाऊन माणूस चिडका झाला. तो मात्र बोलत नाही. कारण ‘मर्द गडी रडत नसतो’ हे लहानपणापासून आपणच त्याला शिकवलंय.

हा त्रास म्हणजे भित्रेपणा नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली त्यांच्याच लष्कराने गोळ्या घातल्या. त्यातले कित्येक तोफांच्या माऱ्याने मनातून खचलेले होते. ब्रिटन सरकारने त्यांना माफी दिली ती २००६ मध्ये, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या त्रासाला पीटीएसडी हे नाव देऊन आजारांच्या यादीत घेतलं.

त्याच पहिल्या महायुद्धात सातारा तालुक्यातल्या आपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जवान गेले. त्यांची आठवण गावाने जपली. पण जे जिवंत परत आले, त्यांच्या मनावर काय ओझं होतं, याची नोंद कुणी ठेवली?

आज जवानाला आणखी एक धास्ती असते. मनाचा त्रास सांगितला, मेडिकल कॅटेगरी खाली गेली, तर प्रमोशन अडेल. म्हणून तो युनिटमध्ये गप्प आणि गावात मर्दपणापायी गप्प. अग्निवीरांचा प्रश्न तर वेगळाच आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे ऐन पंचविशीच्या आसपास घरी येणार. योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसचे उपचारही नाहीत. म्हणजे त्यांचा भार गावाने आणि घरानेच उचलायचा आहे.

मग करायचं काय? सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा खास कक्षही सुरू झाला. बायको, आई, भाऊ, कुणीही फोन करू शकतं. मरणाची भाषा कानावर आली, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणि गावातल्या जुन्या फौजींनो, पुढाकार तुम्हीच घ्या. "मलाही झोप लागत नव्हती," हे तुम्ही पारावर एकदा बोललात, तर पोरगा मोकळा होईल. डॉक्टरच्या दहा गोष्टींपेक्षा त्याला तुमचं एक वाक्य पटेल.