आईचा गुरुवार

१९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. महालातल्या आमच्या वाड्यात सर्वांनी ते पाळले. आईने पुढे गुरुवारही धरला. आम्हांला वाटले, दत्ताची भक्ती वाढली!

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकर थापतानाच तुटे. मग आई पिठाला उकळते पाणी घाली, नाही तर कण्या शिजवी. बेसनाचे आलन लावले, की दोघांपुरती भाजी सहा जणांना पुरे. महिनाअखेर काकूंकडून वाटीभर पीठ उसने आणायचे काम माझे. परत देताना आई वाटी शिगोशीग भरी.

एका गुरुवारी मी डबा उघडला.

"आई, आज उपास, की पीठ संपलं?"

"दोन्ही. झाकण लाव आधी."