घरदुरुस्तीचे काम कोणाच्या हाती द्यावे?

महाल-इतवारीतील जुने वाडे असोत किंवा धरमपेठ-लक्ष्मीनगरातील जुनी बैठी घरे, ती बांधली गेली तेव्हा त्यांत राहणारी माणसे तरुण होती. आता तोच उंच उंबरठा, तीच घसरडी मोरी आणि तोच खोल संडास सत्तरी ओलांडलेल्या देहाची रोज परीक्षा पाहतो. न्हाणीघरातील एक पडणे, खुब्याचे एक हाड मोडणे, आणि स्वतःच्या पायांनी फिरणारा माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून घरातील अशी दुरुस्ती ही शोभेची बाब न समजता आरोग्याची बाब समजावी आणि ठेकेदारही त्याच गांभीर्याने निवडावा.

ठेकेदाराला बोलावण्यापूर्वी गरजांची यादी करावी, आणि ती ज्येष्ठांनी स्वतः सांगावी. मुले पुण्याला वा परदेशी असतील, तर व्हिडिओ कॉलवर टाइल्सचा रंग ठरतो. पण रात्री उठताना हात कुठे टेकतो, हे आई-वडिलांनाच ठाऊक असते. आधाराच्या दांड्या, न घसरणारी फरशी, साधारण १८ इंच उंचीचे कमोड आणि बाहेरच्या बाजूस उघडणारे दार या गोष्टी यादीत असाव्यात. दार आत उघडत असेल आणि माणूस दाराशीच पडला, तर मदतीला येणाऱ्यालाही आत शिरता येत नाही. पायरीऐवजी उतार करायचा असल्यास दर इंच उंचीमागे एक फूट लांबी धरावी. म्हणजे सहा इंचांच्या पायरीसाठी सहा फुटांचा उतार.

किमान तीन ठेकेदारांना प्रत्यक्ष घर दाखवून अंदाजपत्रक मागावे. त्यांनी पूर्वी केलेली कामे पाहताना नुकतेच संपलेले काम पाहू नये. ज्यावरून एक पावसाळा गेला आहे, असे काम पाहावे. ओल, भेगा आणि तुंबलेले पाणी तेथेच दिसते. त्या घरातील मंडळींना एवढेच विचारावे, "काम झाल्यावर अडचण आली, तेव्हा हे आले होते का?" ठेकेदाराची पारख करण्यासही एक प्रश्न पुरेसा आहे: "आधाराची दांडी कोणत्या भिंतीत, कशी बसवाल?" दांडीवर संपूर्ण देहाचा भार पडणार आहे. जो भिंत ठोकून पाहतो आणि मगच उत्तर देतो, तो जाणकार. सर्वांत कमी दराचा मोह आवरावा.

व्यवहार तोंडी ठेवू नये. साहित्याचा प्रकार, माप, दर, मुदत, मलबा उचलण्याची जबाबदारी हे सारे कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी असावे. इसार थोडाच द्यावा. पुढील रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार, शक्यतो बँकेमार्फत, आणि प्रत्येक वेळी पावती घेऊन द्यावी. शेवटचा दहावा हिस्सा राखून ठेवावा. न्हाणीघरात फरशी बसण्यापूर्वी २४ ते ४८ तास पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यावी. भिंत पाडायची वा नवे बांधकाम करायचे असल्यास महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास यांपैकी ज्यांच्या हद्दीत घर येते, त्यांच्याकडे परवानगीची चौकशी करावी. सदनिका असेल तर सोसायटीलाही कळवावे.

कामाची वेळही विचारपूर्वक निवडावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. प्लास्टर भराभर वाळते आणि त्याला किमान सात दिवस नीट पाणी न मिळाल्यास ते तडकते. त्या उन्हात कूलर बंद ठेवून धुळीत बसणे ज्येष्ठांनाही झेपत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फरशी कापताना उडणारी बारीक धूळ दमेकऱ्यांना घातक असते आणि जुना रंग खरवडताना त्यातील शिसे हवेत मिसळू शकते. म्हणून ते दिवस ज्येष्ठांची व्यवस्था नातलगांकडे करावी. ते शक्य नसल्यास एक खोली ओल्या पडद्याने बंद करावी आणि एक संडास सदैव वापरात राहील, अशी अट कराराच्या कागदातच घालावी. वीजजोडणीचे काम निघालेच आहे, तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवावे. ओला हात आणि लोखंडी कूलर यांची गाठ आपल्याकडे दर उन्हाळ्यात पडते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर संकोच नको. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शनही मिळते. तेव्हा सह्यांचा तो कागद आणि त्या पावत्याच आपल्या बाजूने बोलतात.

आणि काळजीवाहकांना एक विनंती. ठेकेदार बहुधा पैसे देणाऱ्याशी बोलतो. ज्यांच्यासाठी काम चालले आहे ते आजोबा बाजूच्या खुर्चीत गप्प बसून असतात. दांडी पक्की करण्यापूर्वी त्यांना उठवून तेथे उभे करावे, हात सहज जेथे पोहोचेल तेथे खडूने खूण करावी, आणि मगच मिस्त्रीला भोक पाडू द्यावे.