दोष कुणाचा, हा हिशेब पुरे

या पानावर आपण नेहमी वाण, खतं, फवारण्या यावर बोलतो. आजचा विषय वेगळा, पण शेतकऱ्याच्या घरातलाच. मूल तीन वर्षांचं झालं तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही, नजरेला नजर देत नाही, खेळण्याचं एकच चाक तासन् तास फिरवत बसतं, मिक्सर लावला की कान झाकून किंचाळतं. ही स्वमग्नतेची लक्षणं असू शकतात. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. पण अशा मुलाच्या आईबापाच्या संसाराचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

पहिला घाव दोषाचा. 'हिनंच गरोदरपणी काहीतरी खाल्लं असेल', 'हिच्या माहेराकडनंच आलं'. घरातले बोलतात, नवरा ऐकून घेतो. त्याचं ते गप्प राहणंच बायकोला जास्त लागतं. शिकलेलेही यात मागं नव्हते बरं का. १९४३ साली लिओ कॅनर यांनी या अवस्थेचं वर्णन केलं आणि पुढं कित्येक वर्षं परदेशातले मोठमोठे डॉक्टर म्हणत राहिले की आईला माया नाही म्हणून मूल असं होतं. ते साफ खोटं ठरलं. याची सुरुवात बहुतेक जन्माआधीच होते, आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. म्हणून लगेच दोन्ही घराण्यांची कुंडली काढू नका. काही मुलांत जनुकातला बदल नव्यानंच झालेला असतो, आईबाप दोघांतही तो नसतो.

दुसरी गोष्ट झोपेची. अशी बरीच मुलं रात्री नीट झोपत नाहीत. जिथं शेतीपंपाला वीज रात्रीची, तिथं बाप दारं धरायला रानात आणि आई अंगणात मुलामागं. सकाळी दोघंही तारवटलेले. तो म्हणतो मी राबतो, ती म्हणते मी राबते, आणि खोटं कुणीच बोलत नसतं. लग्नकार्याला एकानं जायचं, एकानं घरी थांबायचं. हळूहळू दोघांत बोलणं उरतं ते औषधाचं आणि डेअरीच्या बिलाचं. काही बाप तर रानातलं काम मुद्दाम वाढवून घेतात, दिवस मावळला तरी घराकडं पाय वळत नाही. गाव त्याला कामसू म्हणतं. मी म्हणत नाही. पण त्याच्याही पोटात कालवाकालव असते, ती बोलून दाखवायला आपण पुरुषाला कधी शिकवलंच नाही.

आठवड्यातल्या दोन रात्री तरी बापानं मूल सांभाळावं, बाईनं दार लावून झोपावं. अंगारे-धुपारे आणि टोमणे दोन्ही बंद, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना नवऱ्यानं सांगावं, सुनेनं नव्हे. जिल्हा रुग्णालयात तपासणीला दोघांनी जावं. आई एकटी गेली की परत येऊन सगळ्यांना पटवायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळं प्रमाणपत्र मिळू शकतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमाही आहे. पीक कर्जाच्या कागदांना पळता ना, तसंच याही कागदांना बापानं पळावं. आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्व लागलं, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करावा लागतो. आईबाप दोघं असतील तर तो दोघांनी मिळूनच करायचा असतो.