शिडाची कळ

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहितो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकमहाशय दरवर्षी "काहीतरी घरगुती" मागतात, आणि त्यात माझे वर्षभराचे लेखन घरगुती नसते अशी एक गर्भित सूचना असते. ती मनावर न घेता यंदा एका शेगडीविषयी लिहायचे ठरवले आहे. ही शेगडी अमेरिकेतली आहे, चाकांवरच्या घरातली आहे आणि तिला तिकडे 'फर्नेस' म्हणतात. या शब्दाला आपले कोशकार 'भट्टी' हा प्रतिशब्द देतात. पण भट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोहार उभा राहतो, नाहीतर चुरमुरे. प्रत्यक्षात ही वस्तू म्हणजे मध्यम ट्रंकेएवढी पत्र्याची एक पेटी. ती पलंगाखाली नाहीतर कपाटाच्या तळाशी बसवलेली असते आणि थंडी पडेपर्यंत तिची आठवणही कोणाला होत नाही.

घर चाकांवरचे म्हणजे कसे, तेही सांगायला हवे. 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. माझी धाकटी बहीण कोलोरॅडोत राहते. तिच्या यजमानांनी १९९६ सालचा असा एक ट्रेलर एका निवृत्त जोडप्याकडून विकत घेतला. आत दोन पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणी. चाळीतल्या दीड खोलीत वाढलेल्या माणसाला गैरसोय वाटू नये इतके सगळे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, दिवाळीच्या सुटीला रजा जोडून, मी आईला घेऊन तिच्याकडे गेलो होतो. आईचे वय शहात्तर, आणि दम्याची सोबत पंधरा वर्षांची. रॉकी पर्वत दाखवायचा म्हणून मेहुण्यांनी आम्हा सर्वांना त्या ट्रेलरमधून एस्टेस पार्क गावाजवळच्या एका तळावर नेले. उंची समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फूट. म्हणजे आपले कळसूबाई तिथे आणून उभे केले, तर त्याचा माथा आमच्या पायांखाली दोन हजार फुटांवर राहिला असता! तळावर विजेची जोडणी नव्हती. दिवे काय, पंखा काय, सारे ट्रेलरच्या एका बॅटरीवर.

रात्री नऊच्या सुमारास पारा शून्याखाली गेला आणि शेगडीने असहकार पुकारला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट वर सरकवला की 'कट्' असा आवाज येई, थोड्या वेळाने पंखा सुरू होई, आणि जाळीतून वारा येई. पण गार वारा! थंडीत पंखा लावून बसण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला.

आता या यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना ती एका वाक्यात कळेल. बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. जाळाचा आणि पाण्याचा स्पर्श नाही, फक्त ऊब पत्र्यातून पलीकडे जाते. इथे पाण्याच्या जागी खोलीतली हवा. आतल्या बंद कोठीत प्रोपेन वायू जळतो, त्याला लागणारी हवा बाहेरून घेतली जाते, धूरही भिंतीतल्या नळीने बाहेरच सोडला जातो. खोलीतली हवा त्या तापलेल्या कोठीला बाहेरून वळसा घालून परत खोलीत येते. दोन्ही कामांना मोटर एकच. तिच्या दोन टोकांना दोन चक्रे, एक ज्वालेला हवा पुरवते, दुसरे माणसांना. मी हे आईला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग बंबच म्हण की, फर्नेस कशाला?" मला हा प्रतिशब्द कोशापेक्षा पसंत पडला.

वायूविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनचे शून्य अंशाच्या आसपास पुन्हा पाणी होते. पाणी म्हणजे द्रव, शास्त्राच्या प्राध्यापकांनी रागावू नये. आपला सिलिंडर तिथे नेला असता तर त्यातला हा भाग नुसता तळाशी बसून राहिला असता. प्रोपेन मात्र उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूपात येत राहतो. तिकडे तोच वापरतात, त्याचे कारण हे.

मेहुणे संगणकाच्या धंद्यातले. हाताने काम करण्याची त्यांना हौस आहे आणि जवळ विजेचा दाब मोजणारे मीटरही होते. त्यांनी प्रथम ओट्यावरची चूल पेटवली. ज्योत निळी आणि जोरदार. म्हणजे सिलिंडर भरलेला, वायू येतो आहे. मग माझ्या हाती बॅटरी, म्हणजे टॉर्च, देऊन ते बाहेर गेले, आणि त्या कडाक्यात आम्ही दोघांनी पेटीचे बाहेरचे झाकण उघडले.

जुन्या शेगडीचे काम मराठी वाक्यासारखे चालते. क्रियापद शेवटी येते आणि आधीचे एक जरी पद गळले तरी ते येतच नाही. थर्मोस्टॅट आज्ञा देतो. पंखा फिरू लागतो. पंख्याच्या झोतात एक लहानसे पाते असते. वारा पुरेसा असला तर ते ढकलले जाते आणि एक कळ दाबली जाते. इंग्रजीत तिला 'सेल स्विच' म्हणतात, सेल म्हणजे शीड. मी तिला तिथल्या तिथे 'शिडाची कळ' म्हणून टाकले. तिच्या जोडीला अतितापाची दुसरी कळ असते, ती कोठी फार तापली तर प्रवाह तोडते. या दोघींची संमती मिळाली की वीज एका छोट्या पाटीपर्यंत पोचते. ती पाटी मग वायूची झडप उघडते आणि 'टिक्-टिक्-टिक्' अशा ठिणग्या पाडते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर झडप बंद करून ती स्वस्थ बसते.

आमच्या शेगडीत 'टिक्-टिक्' ऐकूच येत नव्हती. म्हणजे घोटाळा ठिणगीच्या आधीचा. अशा वेळी नुसते कान देऊन ऐकले तरी अर्धे निदान होते. अनेक लोक मात्र आधी महागडी पाटी बदलतात आणि नंतर ऐकतात.

पहिला संशय बॅटरीवर गेला. तो पंखा सात-आठ अँपिअर वीज खातो, आणि थंडीत बॅटरीची ताकद मुळातच घटते. दाब कमी झाला की पंखा फिरतो, पण आळसावून. शीड हलेल एवढा वारा निघत नाही. मीटरने अकरा व्होल्ट दाखवले. मेहुण्यांनी मोटारीचे इंजिन सुरू करून तारा जोडल्या, दाब तेरांवर गेला, पंख्याचा सूर स्पष्ट चढला. तरीही ठिणगी नाही. मग त्यांनी शिडाच्या कळीच्या दोन्ही टोकांना मीटर लावले. अलीकडे वीज होती, पलीकडे नव्हती.

"सापडलं, दादा," मेहुणे म्हणाले, "कळच गेली आहे. दोन टोकं तारेनं जोडून टाकतो. पाच मिनिटांत ऊब."

त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. पंखा दणदणीत फिरत होता, हे कानांनाच कळत होते. मग वारा आहे की नाही हे विचारणाऱ्या कळीची गरज काय? पण ती कळ म्हणजे साक्षीदार आहे. साक्षीदार 'वारा नाही' असे सांगत असता तो खोटे बोलतो की खरे, हे मध्यरात्री टॉर्चच्या उजेडात ठरवायचे कसे? आणि एकदा तार जोडली की ज्वाला पंख्याला न विचारता पेटणार. पुरेशा हवेशिवाय जळणाऱ्या वायूतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला तो उठवीत नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने कोणी ना कोणी दगावल्याची बातमी येते, ती याच वायूची करणी.

हे सारे मला ठाऊक होते, पण बोलणे जड होते. पाहुणा मी, घर त्यांचे, आणि जावयाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. मी अडखळत काही म्हणालो. मेहुण्यांचा चेहरा उतरला. बहीण म्हणाली, "मग निदान ओट्यावरची चूल तरी रात्रभर चालू ठेवू." ही सूचना तर तारेहून वाईट होती, कारण चुलीचा धूर सरळ खोलीतच येणार.

आई शालीत गुंडाळून पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची. सासूबाई दार कधी लावू देत नसत. बोटभर उघडं हवंच. थंडी चालेल म्हणायच्या, कोंडलेला निखारा नको." मग जावयाकडे वळून, "तुम्ही थकलात हो. उद्या उजेडात बघा."

दहा वाजता आम्ही पाचही जण गावातल्या एका मोटेलात गेलो. दोन खोल्यांचे भाडे किती पडले ते मेहुण्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आईला त्या रात्री दोनदा धाप लागली, ऊब असूनही. तिथे ट्रेलरमध्ये काय झाले असते याचा विचार मी करीत नाही.

सकाळी उजेडात ते शीड बाहेर काढले. त्याभोवती धूळ आणि कुत्र्याचे केस यांचा चांगला बोरएवढा गोळा झाला होता. आधीच्या मालकांचा कुत्रा आम्ही कधी पाहिला नाही, पण तो पिवळट होता हे आता छातीठोकपणे सांगता येते. केस काढून पाते बोटाने दाबले तरी मीटर कधी बोले, कधी मुके राही. कळ खरोखरच गेलेली होती. "मी म्हटलं नव्हतं?" मेहुणे म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होते.

मग त्यांनी सहज म्हणून धुराच्या नळीत तार फिरवली आणि मातीचा चुरा खाली पडू लागला. आत कुंभारीण माशीने घर बांधले होते. या माश्यांना अशा नळ्या फार आवडतात, म्हणून जाणते लोक उन्हाळ्यात तिथे बारीक जाळी लावतात. निम्मी नळी बुजलेली. या घराचा शिडाशी काही संबंध नव्हता. शीड त्याविषयी काही सांगूही शकले नसते. पण रात्री तार जोडली असती तर शेगडी पेटली असती, धूर तुंबला असता, आणि अठ्ठावीस वर्षांच्या त्या पत्र्याच्या कोठीला कुठे चीर असती तर तो आत आला असता. दारावर मोनॉक्साइडची सूचना देणारी एक डबी होती खरी. ती काढून पाठ पाहिली तर साल २०११. या डब्यांचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते. मेहुण्यांनी मातीचा तो तुकडा भाचीला दाखवला, बराच वेळ हातात धरला, आणि मग गाडीत बसून सुटे भाग आणायला गेले. नवी कळ, नवी डबी आणि नळीसाठी जाळी. कोठीला चीर नाही, हे एका कारागिराकडून तपासून घेतल्यावरच आम्ही पुन्हा तळावर गेलो.

त्या रात्री पदे क्रमाने आली. कट्. पंखा. थोडा दम. टिक्-टिक्, आणि मग आतून 'भप्प'. भाचीने टाळ्या वाजवल्या. आईने छताच्या झडपेकडे पाहिले. एका रात्रीत किती वायू जळेल याचा हिशेब मेहुणे कागदावर मांडीत होते. तो अर्ध्यावर टाकून ते उठले आणि दांडा फिरवून झडप बोटभर उघडली.