टाकून देतो!

मराठी मध्यमवर्गीयासारखे चोखंदळ गिऱ्हाईक त्रिभुवनात नाही, असा आपला एक लाडका समज आहे. बोरिवलीचा गृहस्थ तूरडाळ घेताना दाणा दाताखाली धरून पाहतो. मुलुंडच्या आमच्या वहिनी एका साडीसाठी दादरची चार दुकाने पालथी घालतात. अंधेरीचे एक स्नेही तर कुकरची शिटी दुकानातच वाजवून दाखवा म्हणून हटून बसले होते. हाच समाज पन्नास हजारांचा लॅपटॉप घेताना कसा वागतो, ते मी परवा घाटकोपरला पाहिले आणि संतापलो.

भाचीला लॅपटॉप घ्यायचा होता. स्टेशनजवळच्या दुकानात आमच्याबरोबर आणखी तीन कुटुंबे होती. रंग कोणता, वजन किती, हप्ते किती, बॅग फुकट मिळेल का, असे सारे प्रश्न झाले. पण या यंत्राचा आतला कारभार कोण पाहणार, म्हणजे त्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हे एकानेही विचारले नाही. फ्लॅट घेताना भिंतींचा रंग निरखावा आणि सोसायटी कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारूच नये, त्यातलाच हा प्रकार!

मी विचारले. विक्रेता मुलगा मोठा नम्र होता. "काका, हा विंडोजसकट. हेच मॉडेल डॉसवाले घ्या, तीन-चार हजार कमी पडतील. विंडोज मी टाकून देतो!"

हे 'डॉसवाले' म्हणजे फ्रीडॉस नावाची एक फुकट, साधीसुधी प्रणाली नावापुरती भरलेले यंत्र. आणि 'टाकून देतो' म्हणजे काय, हे सांगायला नकोच. परवान्याशिवायची, चोरलेली विंडोज. शेजारची तिन्ही कुटुंबे एकदम टवटवीत झाली. तीन हजार वाचले! वाचकहो, हीच माणसे रिक्षात कोणाची छत्री राहिली तर पोलीस चौकीत नेऊन देतात. आणि तीच धनत्रयोदशीला चोरीचा माल घरी आणून त्याला हळदकुंकू वाहणार! 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली 63ब हे कलम घातले गेले. अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. मी काही सोवळा नाही. माझ्या पहिल्या संगणकावरही असेच काही 'टाकून दिले' होते, आणि त्यासोबत आलेल्या व्हायरसने माझ्या दोन कथा गिळल्या. (त्या साहित्याचे नुकसान होते की लाभ, हा प्रश्न संपादकांवर सोपवतो.)

हे असे का होते? संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसवले गेले आहे म्हणून. 2001 साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याने गावोगावच्या मुलामुलींच्या हाती माऊस दिला, हे ऋण मी प्रांजळपणे मानतो. पण शिकवले काय, तर प्रामुख्याने विंडोज आणि तिच्यावरचे ऑफिस. स्वयंपाक शिकवायचा म्हणून एकाच गिरणीचे पीठ ओळखायला शिकवले! केरळच्या सरकारी शाळांनी दुसरा रस्ता धरला. तिथे गेली कित्येक वर्षे पोरे लिनक्सवर धडे गिरवतात, आणि त्यांचे काही अडलेले नाही.

या एकनिष्ठेची किंमत 2025 साली कळली. विंडोज 10 ची देखभाल कंपनीने 14 ऑक्टोबरला थांबवली. धनत्रयोदशी होती 18 तारखेला! घरगुती गिऱ्हाइकांना आणखी एका वर्षाची सवलत देऊ केली गेली, हे खरे. पण विंडोज 11 ला सुरक्षेची नवी चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, आणि 2017 पूर्वीची बहुतेक यंत्रे त्या परीक्षेत नापास होतात. मुलुंडच्या दादांचा लॅपटॉप 2016 चा. पडदा स्वच्छ, कळा शाबूत. दुकानदार त्यांना काय म्हणाला? "जुना टाकून द्या." पाहा, क्रियापद तेच!

लिनक्सचा गाभा 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. त्यावर उभी असलेली उबंटू कोणीही फुकट उतरवून घ्यावी, शेजाऱ्याला द्यावी. कायदा आड येत नाही. एप्रिल 2024 च्या आवृत्तीला पाच वर्षांची देखभाल आहे. मराठी त्यात लिहिता येते. आणि शिकायला लांब जायलाही नको. घाटकोपर, मुलुंड आणि अंधेरी यांच्या मधोमध पवईला आयआयटी आहे. तिथल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने असल्या मुक्त सॉफ्टवेअरचे लहान लहान पाठ मराठी आवाजातही करून ठेवले आहेत. घरापासून बसच्या अंतरावर झालेले हे काम आपल्या दुकानदारांना आणि मास्तरांना ठाऊक नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

आता, हिशेबनिसाला टॅली लागते, ती विंडोजवर चालते. जुन्या फॉन्टांत अंक जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याचेही विंडोजवाचून अडते. त्यांनी ती जरूर घ्यावी. पण पैसे मोजून, पावती घेऊन. ॲपलवाल्यांची गोष्टच वेगळी. तिथे देह आणि आत्मा एकाच दुकानचे, पैसे भरून मोकळे व्हायचे. माझे भांडण कोणत्या प्रणालीशी नाही. न विचारता मान डोलावण्याशी आहे.

भाचीला मी विचारले, "कॉलेजात काय लागते?"

"मामा, संख्याशास्त्राला आर आणि पायथन. ती कशावरही चालतात. सर नुसते 'लॅपटॉप आणा' म्हणाले."

आम्ही डॉसवाले यंत्र घेतले आणि काही न टाकता द्या म्हणालो. मुलाने आमच्याकडे दयेने पाहिले. घरी पेन ड्राइव्हवरून उबंटू चढवायला तासभरही लागला नाही. प्रिंटरने मात्र दोन संध्याकाळी छळले. भाची रडकुंडीला आली, मीही आतून खचलो होतो. तिसऱ्या दिवशी तिनेच ते जमवले.

येत्या रविवारी तोच पेन ड्राइव्ह घेऊन मुलुंडला जायचे आहे. सगळे फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, असे दादांना दोनदा बजावले आहे. वहिनींनी फराळाला थांबायला सांगितले आहे.