बालसंधिवात : निदानाचे अर्थकारण

संधिवात हा म्हातारपणाचा आजार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे आमच्या देवळाली प्रवरासारख्या गावी मूल सकाळी लंगडत उठले, तर ‘कुठे तरी पडला असेल’ म्हणून लेप लावला जातो व महिने निघून जातात. वस्तुतः वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि अन्य कारण न सापडलेली सांधेसूज म्हणजे बालसंधिवात. मोठ्यांना उपयोगी पडणारी ‘रुमॅटॉइड फॅक्टर’ची तपासणी बहुतेक मुलांत नकारार्थी येते आणि ‘नॉर्मल’ अहवालाने आईबापांची फसगत होते.

म्हणूनच रक्तात, सांध्यातील द्रवात, लाळेत रोगाची खूण शोधण्याच्या संशोधनाला महत्त्व आहे. दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशींतून स्रवणारे कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन त्यांपैकी एक. तथापि, एकट्याने निर्णायक निदान करील अशी खूण अद्याप हाती आलेली नाही.

उद्या ती सापडली, तरी मोठ्या शहरातील महागड्या प्रयोगशाळेतच राहिली, तर ऊसतोड कामगाराच्या मुलाला तिचा काय उपयोग? विलंबाची किंमत त्याने वाकड्या गुडघ्याने, क्वचित दृष्टी गमावूनही द्यावी काय? २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून तपासणी करतात. त्यांनी प्रत्येक मुलाला चालायला, मूठ वळायला, उकिडवे बसायला सांगावे आणि शंका येताच तज्ज्ञाकडे धाडावे. यास दोन मिनिटे लागतात. यंत्र लागत नाही. संशोधन चालूच राहावे. मात्र त्याच्या नावावर ही दोन मिनिटे उद्यावर ढकलू नयेत.